कुणीच न सांगितलेलं दार

१

साधना भोर मखमलाबादच्या साइटवर पोचली तेव्हा शेडच्या मागच्या भिंतीतून ऊन आत आलं होतं.

त्या भिंतीतून ऊन यायचं काही कारण नव्हतं. परवा संध्याकाळी ती इथून निघाली तेव्हा भिंत सलग होती, गिलावा तेवढा बाकी होता. आता भिंतीच्या मध्यावर चक्क एक दार होतं. चौकट नव्हती, फळी नव्हती, पण वर भिंतीचा भार पेलणारं लिंटेल नीट बसवलेलं आणि कडा साफ केलेल्या. दारापलीकडे दुसऱ्याचं अंगण दिसत होतं. तुळस, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, पेरूच्या झाडाखाली एक बाज.

"बघा ताई," दारापुढे उभे असलेले गोरक्षअण्णा विधाते म्हणाले. "बघा तुमच्या कंपनीनं काय करून ठेवलं. मी दार मागितलं व्हतं का?"

"नाही अण्णा."

"नकाशात व्हतं का?"

"नाही."

"मग हे काय हाय?"

गोरक्षअण्णा म्हणजे साठीचा, रापलेला, मोजकं बोलणारा माणूस. झेंडू, शेवंती आणि अलीकडे गुलाब, असं त्यांचं सगळं आयुष्य फुलांत गेलं होतं. पावसाळ्यात सिंहस्थ भरणार होता. साल दोन हजार तीन. नाशकात फुलांना कधी नव्हे एवढी मागणी येणार म्हणून त्यांनी फुलं बांधायची शेड आणि तिला लागून कोल्डरूम बांधायला काढली होती. काम साधनाच्या कंपनीकडे होतं. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून करार लिहिण्यापासून ग्राहकाला सांभाळण्यापर्यंत सगळं तिच्या अंगावर होतं. अण्णांच्या करारातलं ते कलमही तिनेच घातलेलं होतं. ग्राहकाच्या लेखी संमतीशिवाय कामात बदल झाला, तर ग्राहकाला करार मोडता येईल.

अण्णांनाही ते कलम पाठ असावं.

"करार मोडतो म्हनून समजा," ते म्हणाले. "बुधवारी आमच्या फूलशेतकऱ्यांच्या गटाची माणसं शेड बघायला येणार हायेत. त्यांच्यासमोरच सांगतो."

त्या गटातली सहा घरं अशीच शेड बांधून घ्यायच्या विचारात होती. अण्णांचं काम बघूनच ती ठरवणार होती.

"अण्णा, चूक कुणाचीही असो, आज संध्याकाळपर्यंत मी ही भिंत होती तशी बुजवून देते. आमच्या खर्चानं."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. राग आता कुठे काढावा हे न सुचल्यासारखे.

"हात लावायचा नाय," ते एकदम म्हणाले. "अमावास्या होईस्तोवर भिंतीला हात लावायचा नाय." आणि तरातरा निघून गेले.

साधना मुख्य गवंड्याकडे वळली. बारकू पेठ तालुक्याकडचा. तिच्या चार कामांवर त्याने विटा रचल्या होत्या, आणि न विचारता एक वीटही इकडची तिकडे केली नव्हती. आता तो वाळूच्या ढिगापाशी मान खाली घालून उभा होता.

"बारकू, हे दार तुला कुणी सांगितलं?"

बारकूने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत भीतीपेक्षा नवल जास्त होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "तुम्हीच तं सांगितलं."

२

साधनाची एक सवय होती. साइटवर काही बदलायचं असलं की निळ्या खडूने ती भिंतीवरच आकृती काढायची आणि खाली वर जाणारा बाण करायची. तो बाण म्हणजे तिची सही. ग्राहकाची लेखी संमती ती आधीच घेऊन ठेवायची, त्यामुळे बाण दिसला की बारकू कामाला लागायचा.

"काल सकाळी शेड उघडली तं भिंतीवर दार काढलेलं," बारकू सांगत होता. "निळ्या खडूनं. खाली बाण. आजच करा, असं लिव्हलेलं. मला वाटलं, तुम्ही रातच्याला येऊन गेल्या."

"मी काल कळवणला होते, कांदाचाळीच्या कामाला."

"ते मला कुठं ठावं? तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

खरंच सांगितलं नव्हतं. तिने ऑफिसला कळवलं होतं आणि अण्णांच्या घरी फोन केला होता, एवढंच.

"आणखी काय लिहिलं होतं?"

"उंबरा नको, असं व्हतं. जमीन सपाट ठेवा. दार रुंद करा. आन दोन पाइप बसवायचे, धरायला. एक आतून, एक भायेरून. अक्षर सुटं सुटं, शाळेच्या फळ्यावर काढत्यात तसं."

"ती खूण कुठे आहे?"

बारकूने दाराकडे बोट केलं. "तिथंच व्हती. दार पाडलं, तिच्यासकट गेली."

खूण करणाऱ्याने पुरावा बारकूच्याच हातून नाहीसा करवला होता. साधना दारापाशी गेली. उभे दोन आखूड पाइप सिमेंटात पक्के बसवलेले. पण आतला एका बाजूला आणि बाहेरचा बरोबर उलट बाजूला. असे उलटसुलट पाइप कुणी कशाला लावेल? चुकून झालं असावं, असं तिला वाटलं.

वरून तिच्या खांद्यावर पाणी ठिबकलं. तिने वर बघितलं. कोल्डरूमच्या यंत्रांसाठी शेडला लागून बांधलेल्या मशीनरूमच्या स्लॅबवरून पाणी ओघळत होतं.

"अजून पाणी मारतोस? स्लॅब पक्का व्हायचे दिवस कधीच संपले ना?"

"मी नाय मारत. अण्णा सोता मारत्यात, रोज सकाळी. आम्हाला वर येऊ देत नाय."

दुपारी ऑफिसात कंपनीच्या मालकांनी, देवरे सरांनी, सगळं ऐकून घेतलं. सर वाईट नव्हते, पण कंपनी लहान होती आणि त्यांना झोप कमी लागायची.

"सोपं आहे," ते म्हणाले. "गवंड्यानं परस्पर काम केलं. त्याच्याशी केलेला करार संपवायचा, अण्णांची माफी मागायची. बुधवारी सगळ्यांसमोर सांगून टाकू."

"सर, बारकूनं खूण बघून काम केलं."

"खूण कुठे आहे?"

"दार पाडताना गेली."

"नाहीतर मग एकच उरतं," सर हळू आवाजात म्हणाले. "खूण तू केलीस आणि विसरलीस, असं मला मानावं लागेल. तुमच्यापैकी कोण, ते बुधवारच्या आत सांग."

३

कंपनीतल्या कुणालाही त्या भिंतीत दार नको होतं. तेव्हा ते हवं असलेलं माणूस साइटवरच शोधायला हवं होतं. शिवाय खूण शेडच्या आतल्या बाजूला होती, आणि शेडला रात्री कुलूप असायचं. एक किल्ली बारकूकडे, दुसरी अण्णांच्या घरात खिळ्याला टांगलेली.

अण्णांच्या घरात माणसं दोनच. अण्णा आणि त्यांच्या पत्नी कुसाबाई.

कुसाबाई ओसरीवर शेवंतीच्या वेण्या करत बसल्या होत्या. गुडघे धरलेले असल्याने त्या उठल्या नाहीत, नुसतीच बाजूची चटई थोपटली. साधना बसली आणि समोरचा दोरा हातात घेऊन फुलं देऊ लागली.

"काकू, भिंतीपलीकडे कोण राहतं?"

कुसाबाईंचे हात थांबले. "माझा धाकटा दीर. लहानू. फुलाबाई माझी जाऊ. वाटणी झाली तेव्हा विहीर त्यांच्याकडं गेली, रस्ता आमच्याकडं आला. मग लहानू भावजींनी मधी भिंत घातली. तुमची शेड त्याच भिंतीच्या पायावर उभी हाय."

"बोलणं नाही?"

"सासूबाई गेल्या तेव्हापासून नाय. त्या भावजींकडं व्हत्या. रातीतून जास्त झालं, निरोप आला. पण भिंत मधी. यांना पाटाच्या कडेनं सगळा फेरा घालून जावं लागलं. पोचले तवर म्हातारीनं डोळे मिटले व्हते." कुसाबाईंनी पदराने नाक पुसलं. "घाटावर सगळ्या भाऊबंदांसमोर हे म्हनाले, लहान्या, तू भिंत घातली ना, आता माझ्या जिवात जीव हाय तवर तिला दार पडायचं नाय. बस. तेव्हापासून एक शब्द नाय."

साधनाने पुढची फुलं दिली. मग तिने सरळ विचारलं, "काकू, खडूची खूण तुम्ही केलीत का?"

"मी?" कुसाबाई हसल्या, पण त्या हसण्यात हुरहुर होती. "करावंसं लय वाटलं असतं. फुलाबाई आन मी एका मांडवात आलेल्या. फुलबाजारात कुनी सांगितलं, भावजी शिडीवरून पडले, पाय मोडला. इथं भिंतीच्या पल्याड माणूस पडलं आन मला बाजारात कळतं. पण मला लिव्हता कुठं येतंय, ताई?"

पुढची वेणी हातात घेताना त्या सहज म्हणाल्या, "दार पडल्यानं कुनाची सोय झाली, ते बघा की. फुलाबाईला रस्ता मिळाला."

४

दुसऱ्या दिवशी साधना त्याच दारातून पलीकडे गेली.

तुळशीपाशी भांडी घासत असलेल्या फुलाबाईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. "दारातून आल्या? रस्त्यानं यायचं व्हतं."

"रस्ता कुठे आहे, मावशी?"

"तेच तर."

साधनाने कोण, काय ते सांगितलं. फुलाबाई शांतपणे ऐकत होत्या, पण खुणेचं नाव निघताच त्यांनी हातातलं पातेलं खाली आपटलं.

"मी? मी त्यांच्या शेडीत शिरून चोरून दार काढीन? रस्ता मागायचा असता तर मागच्या दिवाळीलाच मागितला असता, जेव्हा खरी गरज व्हती. तेव्हासुद्धा नाय मागितला."

"तेव्हा काय झालं?"

फुलाबाईंनी घराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "यांच्या अंगावरून वारं गेलं. एक अंग लुळं पडलं. गाडी यायला रस्ता नाय. बाजेवर घालून चौघांनी पाटाच्या कडेनं नेलं. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा पहिलं काय बोलले? गोरख्याला सांगू नको. त्याला कळलं तर कीव करंल. म्हनून आम्हीच उठवून दिलं, शिडीवरून पडले, पाय मोडला. उचलणाऱ्यांनाही तेच सांगितलं."

"म्हणजे कुणालाच खरं माहीत नाही?"

"आम्ही दोघं आन दवाखाना."

घराच्या दारात हालचाल झाली. एक उंच, वाळलेला माणूस डावा हात भिंतीवर टेकत बाहेर आला. उजवा हात पोटाशी दुमडलेला, उजवा पाय जमिनीवरून ओढत आणलेला. दोन पावलं टाकून तो थांबला, दम घेतला, पुन्हा निघाला. नव्या दाराकडे त्याची नजर गेली, आणि त्याने ती लगेच दुसरीकडे वळवली.

"दार पडल्यापास्नं त्या अंगाला बघत नाय," फुलाबाई पुटपुटल्या. "पण काल मला बाज हलवायला लावली. आता दार समोर येतंय."

साधना परत निघाली. दारातून आत जाताना तिचा डावा हात आपोआप बाहेरच्या पाइपवर पडला. ती आत आली, थांबली आणि मागे वळली. आता पुन्हा बाहेर जायचं म्हटलं, तर आतला पाइप तिच्या कोणत्या हाताला येत होता?

डाव्याच.

ती पुन्हा बाहेर गेली आणि पुन्हा आत आली. येताना डावा, जाताना डावा. पाइप चुकून उलटसुलट बसलेले नव्हते. ज्या माणसाला एकच हात उरलाय, त्याच्यासाठी कुणीतरी ते विचार करून लावून घेतले होते. उंबरा नको, कारण त्याला पाय उचलता येत नाही. दार रुंद, कारण तो सरळ चालू शकत नाही. आणि आतला पाइप? तो माणूस यावा एवढंच खूण करणाऱ्याला वाटत नव्हतं. त्याला परत जाता यावं, पुन्हा येता यावं, हेसुद्धा त्याने मनात धरलं होतं.

बारकूला तो लुळा हात माहीत नव्हता. कुसाबाईंना वाटत होतं, पाय मोडलाय. फुलाबाईंना सगळं माहीत होतं, पण कुलूपबंद शेडमध्ये त्या शिरणार कशा?

मग तो हात आणखी कुणी पाहिला होता? आणि कुठून?

शेडमध्ये उभी असताना साधनाच्या केसांवर पाण्याचा एक थेंब पडला.

५

मंगळवारी ती सकाळी लवकर आली आणि कुणाला न विचारता शिडीने मशीनरूमच्या स्लॅबवर चढली.

गोरक्षअण्णा कडेला पाठमोरे उभे होते. हातात पाण्याचा पाइप, पाणी मात्र भलतीकडे चाललेलं. खाली लहानूचं अख्खं अंगण दिसत होतं. भिंत धरून लहानू घरापासून निघाला होता. भिंत संपली. पेरूच्या झाडापर्यंतची मोकळी जागा त्याला आधाराशिवाय पार करायची होती. त्याने पाऊल टाकलं, तोल गेला, सावरला. वर अण्णांचा हात पाइपवर घट्ट आवळला गेला. आणखी एक पाऊल. आणखी एक. लहानूचा हात झाडाला लागला, तसा अण्णांनी श्वास सोडला.

"अण्णा," साधना म्हणाली.

ते इतके दचकले की पाइप हातातून सुटला.

"पाणी मारत व्हतो."

"हो." ती उलट्या घमेल्यावर बसली. "अण्णा, मी कुणाला काही सांगायला आलेली नाही. मला फक्त कळलंय."

अण्णा पुन्हा अंगणाकडे वळले.

"मी कळवणला जाणार हे माझ्या ऑफिसला माहीत होतं आणि तुम्हाला. फोन तुम्हीच उचलला होता. शेडची किल्ली तुमच्या घरात असते. काकूंना लिहिता येत नाही. माझा बाण तुम्ही दहादा पाहिलाय. पण एवढ्यावरून मी तुमचं नाव घेतलं नसतं. दोन्ही पाइप डाव्या हाताला येतात. लहानूकाकांचा उजवा हात गेलाय, हे त्यांच्या घराबाहेर कुणालाच सांगितलेलं नाही. दार नव्हतं तोवर ते दिसायचं फक्त इथून. आणि इथे तुम्ही कुणाला चढू देत नाही."

पाइपमधलं पाणी स्लॅबवर पसरत होतं. अण्णांनी वाकून तो उचलला आणि टाकीत सोडला.

"शिवाय पहिल्याच दिवशी मला खटकलं होतं," साधना म्हणाली. "इतकी वर्षं चिडलेले ग्राहक बघतेय मी. चूक सुधारून देते म्हटलं की माणूस म्हणतो, आत्ताच्या आत्ता द्या. हात लावू नका म्हणणारे तुम्ही पहिले."

अण्णांच्या ओठांवर हसू आलं आणि तिथेच मोडलं.

"माझा हिशोब चुकला, ताई. मला वाटलं, मी ओरडीन, तुम्ही म्हनाल, आता लिंटेल बसलं, फोडलं तर भिंतीला धोका हाय. मी म्हनीन, बरं मग, राहू द्या, नाइलाज हाय. आन तुम्ही तर संध्याकाळपर्यंत बुजवायला निघाल्या!"

"मला सांगितलं असतंत तर?"

"कसं सांगनार? घाटावर बोलून बसलो. पन्नास माणसं व्हती." ते कडेवर टेकले. "आईच्या वेळी पाटाच्या कडेनं पळत गेलो. पायात चप्पल नव्हती. मधी एक भिंत, ताई. नऊ इंचाची. तिकडं आई जाती आन मी चिखल तुडवतोय. त्या रागात तोंडातून काय गेलं, माझं मला कळलं नाय. या साली स्लॅबवर पहिल्यांदा चढलो, तर हा असा चालताना दिसला. माझा लहान्या. विहिरीत सूर मारायचा तो. मला वाटलं, आता याला काय झालं तर मी पुन्हा तसाच पळणार का? फेरा घालून?"

ते पाठमोरे झाले. साधनाने नजर खाली अंगणाकडे वळवली, त्यांना तेवढी सवड मिळावी म्हणून.

मग ती म्हणाली, "बारकूचं काम जाणार आहे, अण्णा."

"काय?"

"उद्या सर ते सगळ्यांसमोर सांगणार आहेत. न विचारता दार पाडलं म्हणून."

अण्णा उभे राहिले. हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. "त्या गरिबाचा काय संबंध?"

"काहीच नाही. म्हणून मी एक वाट काढलीय." तिने सावकाश सांगितलं. "कोल्डरूम आहे. आत माणूस अडकला, पुढचं दार लागलं, तर दुसरी वाट लागते. हे खोटं नाही, मी ते आधीच सुचवायला हवं होतं. कराराला जोडपत्र करू. सुरक्षेसाठी मागचं दार, कंपनीच्या सल्ल्यानं. तुम्ही नुसती सही करा. दार राहील, बारकू राहील, तुमचा शब्दही राहील. कंपनीनं भाग पाडलं म्हणा."

अण्णांनी पाण्याचा नळ बंद केला.

"लय हुशार हाय तुम्ही," शेवटी ते म्हणाले. पण सही करतो, असं काही म्हणाले नाहीत.

६

बुधवारी शेडमध्ये सतरंज्या अंथरल्या होत्या. गटातली सहा घरं आली, त्यांत चार विधात्यांचीच. घाटावर हजर असलेली माणसं. सगळ्यांनी आत पाऊल टाकताच आधी मागच्या दाराकडे बघितलं आणि मग अण्णांकडे. कुसाबाई गुडघे धरत येऊन एका पाटावर बसल्या. बारकू वाळूच्या ढिगाशी उभा होता, स्वच्छ सदरा घालून, निरोप घ्यायला आल्यासारखा.

साधनाने सरांना जोडपत्राचं सांगितलं होतं. दाराची खूण अण्णांची आहे, हे मात्र सांगितलं नव्हतं. सरांना सुटल्यासारखं झालं होतं.

"तर मंडळी," देवरे सर उभे राहिले, "मागच्या दाराबद्दल थोडा गैरसमज झाला होता. आमच्या कंपनीनं सुरक्षेच्या दृष्टीनं..."

"थांबा साहेब," गोरक्षअण्णा म्हणाले.

साधना अर्धवट उठली. आता करार मोडतात की काय?

अण्णा उठून बारकूसमोर जाऊन उभे राहिले. "बारकू, तुझी काही चूक नव्हती. भिंतीवरची खूण माझी व्हती. मॅडमचा बाण मी चोरला. तुला चार दिवस घोर लावला, माफ कर."

बारकूने हात जोडले, मग सोडले, मग पुन्हा जोडले.

अण्णा भाऊबंदांकडे वळले. "मी काय बोललो व्हतो ते तुम्हाला सगळ्यांना ठावं हाय. माझ्या जिवात जीव हाय तवर दार पडायचं नाय. तर ते मीच पाडलं. लिव्हा ताई तुमच्या कागदावर. सुरक्षा-बिरक्षा नको. दार मालकाच्या सांगण्यावरून, असं लिव्हा."

मग सगळ्यात म्हातारे विधाते, ज्यांना सगळे आबा म्हणत, दोन्ही हात टेकून सावकाश म्हणाले, "गोरख्या, एवढी वर्षं लावलीस व्हय रे?"

अण्णा दारापाशी गेले, पण पलीकडे पाय टाकेनात. बाज समोरच होती. लहानू बसून सगळं ऐकत होता, मान दुसरीकडे वळवून. फुलाबाई त्याच्या पाठीशी उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून.

"लहान्या," अण्णांनी हाक मारली.

लहानूने बाजेचा काठ धरला. फुलाबाई पुढे झाल्या, तर त्याने त्यांना मानेनेच नको म्हटलं. तो उठला. अंगणातून, आधाराशिवाय, पाय ओढत, मध्येच थांबत तो निघाला. सतरंजीवरची माणसं उभी राहिली होती. कुसाबाईंनी डोळे मिटून घेतले. अण्णांचे हात पुढे झालेले होते, पण त्यांनी ते लावले नाहीत. लहानूचा डावा हात पाइपवर पडला, घट्ट बसला. रुंद दारातून, सपाट जमिनीवरून तो शेडमध्ये आला आणि भावाच्या पुढ्यात थांबला.

त्याने वर बघितलं. पत्रा, त्याला पेलणाऱ्या कैच्या, पन्हळ, सगळं निरखून बघितलं. मग वाकड्या झालेल्या तोंडाने, एकेक शब्द ओढून काढत तो म्हणाला,

"पन्हळ... माझ्या... अंगनात?"

"आं?"

"पावसाचं... पाणी. सगळं... माझ्या अंगनात... पाडतो का?"

अण्णांनी वर बघितलं. पन्हळीचा उतार खरंच तिकडे होता. त्यांचे डोळे भरून वाहत होते, आणि तरीही त्यांनी कंबरेवर हात ठेवले.

"तुझ्या विहिरीला पाणी पायजे ना? तिला मिळंल की!"

"विहीर... त्या अंगाला... हाय. इकडं... गोठा हाय. अक्कल..."

"मला अक्कल शिकवू नको. तू भिंत घातली तेव्हा मला विचारलं व्हतं का?"

"तू... रस्ता..."

देवरे सर घाबरून साधनाजवळ सरकले. "हे काय नवीन? आता भांडणार का हे? थांबव त्यांना."

कुसाबाई पाटावरून उठल्या होत्या. फुलाबाई दारातून आत आल्या होत्या आणि दोघी एकमेकींचे दंड धरून उभ्या होत्या. बारकूने कुणी न सांगता शिडी आणून पन्हळीखाली लावली होती आणि मोजायची टेप काढली होती.

"नको सर," साधना म्हणाली. "बोलू द्या त्यांना."